मूळपुरुष

हा गृहस्थ ओळखायचा असेल तर घरगुती बैठकीत एरिक क्लॅप्टनचं ‘लैला’ लावा. मात्र १९९२चं लावा, ‘अनप्लग्ड’मधलं. गिटार सुरू होते न होते तोच कोपऱ्यातून आवाज येतो, ‘‘ते बंद करा हो. मूळचं लावा.’’

मूळचं म्हणजे १९७०चं. मायामी, क्रायटेरिया स्टुडिओ, बँड डेरेक अँड द डॉमिनोज. एवढ्यावर तो थांबेल अशी आशा फक्त नवखे धरतात. तो ड्वेन ऑलमनपर्यंत जाणारच. ऑलमन म्हणजे पाहुणा कलावंत. आला आणि स्लाइड गिटारवर गाणं खिशात घालून गेला. मग शेवटचा तो लांबलचक पियानो. तो संपेपर्यंत कुणी पापड मोडायचा नाही. ‘‘सात मिनिटं!’’ हे तो अशा थाटात सांगतो, की जणू स्टुडिओचं भाडं यानेच भरलं होतं.

१९९२चं पावणेपाच मिनिटांत आटोपतं. रॉकचा सरळ ठेका जाऊन झुलता शफल आलेला, आवाज खाली, पियानोचा तो शेवट गायब. ‘‘खुर्चीवर बसून रॉक? मग आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं भजनी मंडळ काय वाईट?’’

खरं तर याने ‘लैला’ पहिल्यांदा ऐकलं ते ‘अनप्लग्ड’च्या कॅसेटवर. १९७० साली स्वारी हाफ चड्डीत होती. आंघोळ करताना आजही जे गुणगुणतो ते खालच्या सुरातलंच असतं. मूळचं निष्ठेसाठी, हे न्हाणीघरासाठी.

त्याच्या बायकोने मात्र एकदा निकाल लावला. तो सांगत होता : क्लॅप्टन मित्राच्या, म्हणजे जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात पडला, निझामीच्या लैला-मजनूवरून गाण्याला नाव दिलं, काय ती तडफड! पुढे १९७९ला तिच्याशीच, पॅटी बॉइडशी, लग्नही झालं. १९९२ उजाडायच्या आत घटस्फोटही. पोळ्या वाढता वाढता ती म्हणाली, ‘‘अहो, मग बरोबरच आहे की! हवी होती तेव्हा ओरडला. मिळाली, गेली. आता कशाला ओरडेल?’’

या गाण्यावर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही. त्याने आणखी एक पोळी मागितली.

ग्रॅमीचा विषय त्याच्यापुढे काढू नका. १९९३मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचा मान ‘अनप्लग्ड’ ‘लैला’ला मिळाला, तोही निर्वाणाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ला डावलून. पण त्याचं उत्तर तयार असतं : हे बक्षीस गाणं रचणाऱ्यांना मिळतं. म्हणजे क्लॅप्टनला आणि मूळच्या बँडचा ड्रमर जिम गॉर्डन याला. गॉर्डनचं नाव लागलं ते त्या शेवटच्या पियानोमुळे, जो १९९२मध्ये कुणी वाजवलाच नाही. आणि वैताग म्हणजे, हे खरं आहे.