सांबर खोटं बोलत नाही

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर दोन तऱ्हेचे गाईड भेटतात. पहिला जिप्सीत बसता बसताच सांगतो, ‘काल याच वळणावर बछड्यांसकट वाघीण होती.’ दुसरा विरळा. ‘आज वाघ दिसेल ना?’ असं विचारलं की हा टोपी सारखी करतो आणि म्हणतो, ‘सांगता येत नाई जी.’ नागपूरहून मध्यरात्री उठून आलेल्या कुटुंबाचा चेहरा तिथंच पडतो.

रस्त्यावर पाऊलखूण दिसते. ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो, कॅमेरे सरसावतात. हा वाकून पाहतो. ‘ठशावर किड्याची रेघ हाय. रात्रीचा हाय हा. नर हाय. आता कुठं असन, त्यालेच ठाऊक.’ कॅमेरे परत मांडीवर. गाभा क्षेत्रात मोबाईलला बंदी, त्यामुळे त्याचं म्हणणं गूगलवर ताडून पाहायचीही सोय नाही.

अखेर वाघ दिसलाच आणि कुणी ‘काय नजर आहे हो!’ म्हणालं, तर हा ओशाळतो. ‘मी नाई शोधला जी. वांदरानं शोधला, मी वांदराले ऐकलं.’ जंगलातल्या साक्षीदारांची त्याच्याकडे प्रतवारी आहे. चितळ भित्रं, पान पडलं तरी कोकलतं. वांदराचं बरंचसं खरं. सांबर मात्र खात्री झाल्याबिगर तोंड उघडत नाही. ‘आणि तुम्ही?’ तो गंभीरपणे विचार करतो. ‘मी चितळाच्या वर, वांदराच्या खाली.’ मला विचाराल तर या एका वाक्याचे पन्नास रुपये जास्त द्यावेत. पण बक्षिसी पहिल्यालाच मिळते, याला नुसतं ‘थँक्यू’.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी याच्या आजाला वाघ फुकटात दिसायचा, नको असला तरी. आजही मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेलं माणूस वाघानं मारल्याची बातमी चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यागणिक येते. फुलं पहाटे गळतात, गाव अंधारातच निघतं. हा मात्र चांगलं फटफटल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, बायकोलाही ओलांडू देत नाही. ‘जिप्सीत मी उभा असतो. मोहाखाली वाकून असतो. वाकलेला माणूस वाघाले माणूस वाटत नाई.’

गावची पोरं हसतात. ‘रोज वाघ दाखवते अन् मोहाले जाले भेते!’

‘भेतो तं,’ टोपली खाली ठेवत तो म्हणतो. ‘मी पाहिला हाय वाघ. तुमी टीव्हीवर पाहिला.’