पाचदा दुसरा नंबर

— काय गं, तुझा लेक सकाळपासून गिटारवर एकच गाणं घोळवतोय. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ ना ते?

— अय्या माई, तुम्हाला कसं कळलं? मला तो सांगून दमला तरी नाव लक्षात राहत नाही. त्रास होत असेल तर बंद करायला सांगते हं.

— त्रास कसला, वाजवू दे. फक्त त्याला म्हणावं, ते पावसाचं गाणं नाही, घरातल्या भांडणाचं आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल! लेकीकडे कॅलिफोर्नियात राहिले होते ना, तिचं घर एल सेरिटोला, बर्कलीच्या जवळच. हे चौघे त्याच गावचे. तिच्या शेजारणीला दुसरा विषयच नव्हता.

— चौघे कोण?

— जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, आणि जॉनच्या शाळेतले दोघे, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. गाण्यांत सगळ्या दलदली, नद्या, आगबोटी. ऐकणाऱ्याला वाटावं की लुइझियानात चिखल तुडवत वाढली पोरं. कसलं काय! सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडची, साध्या घरांतली मुलं ती.

— आणि हे एवढं लांबलचक नाव कोणी ठेवलं?

— त्याआधीचं ऐक. टॉम मोठा, म्हणून सुरुवातीला तोच पुढे. ‘टॉमी फोगर्टी अँड द ब्लू व्हेल्वेट्स’ असं रेकॉर्डवर छापलेलं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फँटसी रेकॉर्ड्सकडे गेले. ती मूळची जॅझवाली कंपनी. तिने १९६४ साली पोरांना न विचारताच नाव ठेवलं ‘द गॉलिवॉग्ज’. त्या नावाची लाजच वाटायची त्यांना. १९६७ मध्ये सॉल झेंट्झने कंपनी घेतली, तो आधी तिथेच विक्री बघायचा. त्याने नवं नाव शोधायला सांगितलं. टॉमच्या ओळखीतल्या एका माणसाचं नाव, बिअरच्या जाहिरातीतलं स्वच्छ पाणी आणि ‘पुनरुज्जीवन’, असं जोडून हे नाव झालं. झेंट्झ लक्षात ठेव, पुढे तोच येणार आहे.

— म्हणजे खलनायक?

— थांब गं, आधी नंबर ऐक. बिलबोर्डची हॉट १०० ही अमेरिकेतली मोठी यादी, रेकॉर्डची विक्री आणि रेडिओवरचं वाजणं धरून दर आठवड्याला लागायची. त्या यादीत हे लोक पाचदा दुसरे आले. पाचदा! आणि पहिले एकदाही नाही.

— काय सांगता! एखाद्या आठवड्याला तरी?

— एकाही नाही. मार्च १९६९ मध्ये ‘प्राउड मेरी’ दुसरी, वर टॉमी रोचं ‘डिझी’. जूनमध्ये ‘बॅड मून रायझिंग’ दुसरं, वर हेन्री मॅन्सिनीने वाजवलेलं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चं सिनेमासंगीत. शब्दसुद्धा नाहीत त्यात! मला विचारशील तर हे दोन्ही चालण्यासारखं. पण तिसऱ्या वेळी ‘ग्रीन रिव्हर’ला कोणी अडवलं ठाऊक आहे? आर्चीने.

— कोण आर्ची?

— अगं, तुझ्या नणंदेच्या कपाटात ते कॉमिक्सचे गठ्ठे नव्हते का? आर्ची, बेटी, व्हेरॉनिका! त्या कार्टूनचा बँड. गाणारे पडद्यामागे, नाव चित्रांचं. ‘शुगर, शुगर’ सप्टेंबर १९६९ मध्ये ठाण मांडून बसलं. हाडामांसाची चार माणसं, सगळं स्वतः वाजवणारी, आणि त्यांच्या वर कागदावरची पोरं. मला तर अजून हसू येतं. जॉन हसला असेल की नाही कोण जाणे.

— हसला नसेल. मी असते तर टीव्हीच फोडला असता.

— पुढे १९७० मध्ये ‘ट्रॅव्हलिन’ बँड’ दुसरं, वर सायमन-गारफंकलचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’. त्याच्याकडून हरण्यात कमीपणा नाही. आणि शरद ऋतूत ‘लुकिन’ आउट माय बॅक डोअर’ दुसरं, वर डायना रॉस. संपली यादी.

— एवढं दुर्दैव? काहीतरी घोटाळा असणार, माई.

— घोटाळा नाही, पण मोजणीची एक गंमत आहे. सिंगल म्हणजे दोन बाजूंची छोटी रेकॉर्ड. एका बाजूला एक गाणं, उलटली की दुसरं. बाकीचे मागच्या बाजूला गाळ भरायचे. जॉन दोन्हीकडे चांगलीच गाणी द्यायचा. आणि तेव्हा बिलबोर्ड दोन्ही बाजूंचे नंबर वेगवेगळे लावायचं. म्हणजे ‘बॅड मून’ वर चाललंय, तर त्याच रेकॉर्डच्या पाठीवरचं ‘लोडी’ ५२ पर्यंत स्वतंत्र चढतंय. नोव्हेंबर १९६९ च्या शेवटी नियम बदलला, दोन्ही बाजू एकाच जागी धरू लागले. ‘फॉर्च्युनेट सन’ एकटं १४ वर पोचलं होतं, ते ‘डाउन ऑन द कॉर्नर’शी जोडलं आणि दोघं मिळून तिसऱ्या नंबरावर.

— मग आधीच्या तिन्ही वेळी या विभागणीनेच मार बसला असेल!

— शेजारीणही तेच म्हणायची. पण नियम बदलल्यावरही दोनदा दुसरेच आले की! तो बहाणाही संपला. आणि विलायतेत बघ, तिथे ‘बॅड मून रायझिंग’ तीन आठवडे पहिलं होतं. तेव्हा कुंडलीतच नव्हतं असंही म्हणता येत नाही. अल्बमच्या यादीत तर अमेरिकेतही दोनदा पहिले. ‘ग्रीन रिव्हर’ आणि १९७० चा ‘कॉस्मोज फॅक्टरी’. हा दुसरा नऊ आठवडे वर होता.

— फॅक्टरी? कारखाना?

— कॉस्मो हे डगचं टोपणनाव. बर्कलीतल्या एका गोदामात जॉन रोज तालीम घ्यायचा, सुट्टी नाही. डग त्या जागेला कारखाना म्हणायचा. आणि उत्पादनही कारखान्यासारखंच! एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम. ‘बायू कंट्री’, ‘ग्रीन रिव्हर’, ‘विली अँड द पुअर बॉइज’. तिन्ही पहिल्या दहांत. आजकाल एक अल्बम काढायला गायक चार-चार वर्षं घेतात.

— मग वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला नव्हते का हे? त्याचा सिनेमा आमच्या ह्यांनी दाखवला होता, त्यात बघितल्यासारखं आठवत नाही.

— आठवणारच नाही! होते तिथे. मोठ्या नावांपैकी सगळ्यांत आधी होकार यांनीच दिला होता. पण त्यांच्या आधी ग्रेटफुल डेड हा बँड लांबला. हे उभे राहिले तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, चिखलात अर्धी जनता झोपलेली. जॉनला आपलं वादन पसंत पडलं नाही, त्याने सिनेमात घ्यायला नकार दिला. ते ध्वनिमुद्रण अख्खं बाहेर यायला २०१९ उजाडलं. फार करारी माणूस. हट्टी म्हण हवं तर.

— आणि भांडण?

— भांडणाचं बीज त्यातच आहे ना. जॉनच लिहिणार, जॉनच गाणार, गिटार त्याची, मिक्सिंग त्याचं, व्यवहारही तोच बघणार. आता थोरल्याचा विचार कर. ज्याच्या नावाचा बँड होता, तो धाकट्याच्या मागे ताल धरत उभा. वर्षानुवर्षं! १९७१ च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. तुझा लेक वाजवतोय ते गाणं त्याच सुमाराचं. नाव, पैसा सगळं दारात, आणि घरात कोणाचं कोणाशी धड बोलणं नाही, असं ते ऊन पडलं असताना येणाऱ्या पावसाचं गाणं. आठव्या नंबरापर्यंत गेलं.

— बिच्चारा टॉम. मला आधीच वाटलं होतं चूक धाकट्याची असणार.

— एवढ्यात निकाल लावू नकोस. उरलेले दोघे म्हणाले, आम्हालाही लिहू दे, गाऊ दे. जॉन म्हणाला, घ्या, प्रत्येकाने अल्बमचा एकेक तृतीयांश करा. १९७२ चा ‘मार्डी ग्रा’. समीक्षकांनी सोलून काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बँड मोडला. पहिल्या अल्बमपासून जेमतेम चार वर्षांची कहाणी बघ.

— मागितलेलं दिलं म्हणायचं की सूड घेतला म्हणायचं?

— हाच तर प्रश्न मी शेजारणीला विचारला, ती नुसती खांदे उडवून मोकळी. आता झेंट्झ. घर यांनी बांधलं, सातबारा त्याच्या नावावर. गाण्यांचे हक्क फँटसीकडे, करार जाचक. वर बहामातल्या ज्या बँकेत यांची पुंजी ठेवली होती, ती बँक बुडाली. करारातून सुटायला जॉनने जुन्या रेकॉर्डच्या रॉयल्टीवरही पाणी सोडलं. आणि मग स्वतःचीच गाणी वर्षानुवर्षं गायला तयार नाही. का, तर मी गायलो की पैसे त्याला.

— आणि त्या झेंट्झचं काय झालं?

— ऑस्कर मिळाले. हसू नकोस, खरंच. ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’, ‘अमेडियस’, ‘द इंग्लिश पेशंट’ हे सिनेमे त्याच्या निर्मितीतले, तिन्हींना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. माणसाला कलेची जाण नव्हती असं कोण म्हणेल? पण जॉनचा राग धुमसत राहिला. १९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ नावाचा त्याचा अल्बम आला आणि एकदम पहिल्या नंबरावर! त्यात एक गाणं, नाचता न येणाऱ्या पण खिसे कापणाऱ्या डुकराचं. डुकराचं नाव झान्झ.

— अगं बाई! झेंट्झ नि झान्झ!

— झेंट्झने बदनामीचा दावा लावला, नाव बदलून व्हान्झ करावं लागलं. त्याच्यापेक्षा मजेचा दुसरा दावा. फँटसी म्हणाली, या अल्बममधलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे आमच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. ते जुनं गाणं कोणाचं? जॉनचंच.

— म्हणजे स्वतःचीच चोरी केली म्हणून?

— तेच तर. १९८८ मध्ये पठ्ठ्या गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात बसला आणि ज्युरीला वाजवून दाखवलं की माझी लिहिण्याची पद्धतच अशी आहे. जिंकला. मग वकिलाच्या खर्चासाठी लढत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या निकालाचा दाखला वकील अजून देतात म्हणे.

— आणि भावाभावांचं जुळलं की नाही शेवटी?

— नाही गं. टॉमने पुढची स्वतःची गाणीही फँटसीकडेच केली, ते धाकट्याला फार लागलं. मग टॉमला रक्त चढवताना एचआयव्हीचा संसर्ग झाला. १९९० मध्ये गेला. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला, तर तिथेही जॉन स्टू आणि डगबरोबर वाजवायला उभा राहिला नाही. दुसरेच वादक घेऊन गायला. टॉमची बायको आली होती तिथे.

— हे मात्र अति झालं. थोरल्याच्या मागे तरी!

— अतिच. मग त्या दोघांनी १९९५ मध्ये ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड’ काढून तीच गाणी गावोगाव वाजवली, जॉनने नावावरून पुन्हा कोर्ट गाठलं. सगळं तसंच. तरी जॉनला गोड दिवस दिसले. २००४ मध्ये फँटसी दुसऱ्या कंपनीकडे गेली, नव्या मालकाने रॉयल्टी परत सुरू केली. २०२३ च्या जानेवारीत गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा त्याच्याकडे आला. तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. मग २०२५ मध्ये तीच जुनी गाणी मुलांना बरोबर घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केली.

— आणि जुन्या रेकॉर्ड? घेतं का कोणी आता?

— १९७६ मध्ये फँटसीने निवडक गाण्यांचा ‘क्रॉनिकल’ काढला. अमेरिकेत एक कोटीच्या वर प्रती झाल्या, आणि बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो सहाशेहून जास्त आठवडे दिसलाय. तो आर्ची कुठे आहे आता त्या यादीत?

— माई, तुम्ही काहीही म्हणा, मी टॉमच्या बाजूने.

— राहा. माझी लेक स्टू आणि डगच्या बाजूने आहे, शेजारीण जॉनच्या. बरं, त्याला म्हणावं ‘प्राउड मेरी’पण शिक. आणि ते टीना टर्नरचं नाही म्हणून सांग, सगळ्यांना तसंच वाटतं. ती आणि तिचा तेव्हाचा नवरा आइक चौथ्या नंबरापर्यंतच गेले होते.