चढा गांधार

"कुठले लेले?"

युकुलेले हे नाव सांगितल्यावर आत्याचा पहिला प्रश्न हा. रत्नागिरीकडचे असावेत असा तिचा अंदाज. मी म्हटलं, हवाईकडचे. तिकडच्या भाषेत उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर पिसवांसारखी टणाटण उडतात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आत्यानं माझ्या बोटांकडे नीट पाहिलं. "उडतायत कुठे? बसलीयत," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

खरं तर मला गिटार शिकायची होती. पण आमच्या दोन खोल्यांत नवी वस्तू यायची तर आधी तिची लांबी विचारतात. युकुलेलेची सोप्रानो नावाची जात असते, टोकापासून टोकापर्यंत साधारण २१ इंच. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, गौरीच्या मुखवट्यांच्या डब्याशेजारी ती आडवी मावते. बायकोनं टेप लावून खात्री केली आणि मग परवानगी दिली. अशी माझी संगीतसाधना सुरू झाली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी लावलेली तार दुपारच्या जेवणापर्यंत उतरलेली. मी दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोललो, ते सगळं नंतर परत घ्यावं लागलं.

सी कॉर्ड एका बोटात येते: सगळ्यात खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यात अनामिका. ए मायनरही एका बोटात. एफला दोन बोटं. जीला तीन, त्रिकोणात. इथपर्यंत माणूस स्वतःवर खूश असतो. मग ई येते. चौथ्या पडद्यात शेजारी शेजारी तीन बोटं आणि दुसऱ्यात चौथं. तो चौथा पडदा माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा नाही. तीन बोटं तिथे बसवणं म्हणजे आठ अठराच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणं. मधलं बोट बसलं की कडेचं उठतं. ई असलेली गाणी मी सध्या वर्ज्य केली आहेत. रागात एखादा स्वर वर्ज्य असतोच की.

हे वाद्य मूळचं हवाईचंही नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला त्यातून आली होती. त्यांत नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतारही होते. त्यांच्या बेटावर माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य वाजे. त्यावरूनच पुढे युकुलेले घडली. राजा कालाकाउआला ती इतकी आवडली की दरबारी मजलशीत तिला जागा मिळाली. पोर्तुगीज आपल्या गोव्यातही होतेच. तिथे चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन शिकली आणि त्यांतली कितीतरी पुढे मुंबईच्या स्टुडिओंत येऊन हिंदी गाण्यांच्या चालींखाली कॉर्ड घालू लागली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. आत्या भांडी लावताना नेमकी तीच गाणी गुणगुणते. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मी चाल गुणगुणते. खालचं त्यांचं त्यांनी बघावं."

आत्यानं चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या केल्या. तिचा तंबोरा अजून कोपऱ्यात गवसणीत उभा असतो, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. एका वेळी तीन स्वर वाजवायचे ही कल्पनाच तिला पटली नाही. "ही तर शाळेची मधली सुट्टी झाली," म्हणाली.

पण कॉर्ड मला समजली ती तिच्याच भाषेत. शिकवणारे ठिपक्यांची चित्रं दाखवतात. खिडकीच्या गजांवर माश्या बसाव्यात तसे ठिपके. मी दोन महिने त्या माश्या पाठ करत होतो. मग एका रात्री वहीत सरगम लिहून पाहिली. सीला सा मानलं तर सी म्हणजे सा-ग-प. ए मायनर म्हणजे ध-सा-ग. एफ म-ध-सा. जी प-नि-रे. सीमधला प उठला, त्याच्या जागी ध येऊन बसला, सा आणि ग तिथेच. आणि तेवढ्यानं बैठकीचा सूर पालटला. हसत बसलेल्या घरात कुणीतरी आजारपणाचा विषय काढावा, तसा. जीमध्ये म मिसळला की जी सेव्हन होते. तिच्यातला नि सा कडे ओढतो, म ग कडे. तिहाईचे पहिले दोन तुकडे वाजवून तबलजी थांबला तर आपण जसे कासावीस होऊ, तसं काहीसं ते असतं.

आणि कुठेही बोट न ठेवता नुसत्या चारी तारा छेडल्या तर प, सा, ग, ध. मी छेडल्या. आतून आवाज आला, "भूपातला रिषभ राहिला."

मी आनंदात होतो. त्याच आनंदात मी तिच्यासमोर सी वाजवली.

"गांधार चढा आहे."

डोक्याला चिमट्यासारखा लावतात तो ट्यूनर मी तिला दाखवला. काटा मधोमध, दिवा हिरवा.

"दिव्याला कान आहेत का?" असं म्हणून तिनं तंबोऱ्याची गवसणी काढली, माझ्या सा ला मिळवून घेतला आणि खर्जाची तार एकटीच छेडली. "ऐक. गांधार ऐकू येतोय? मी छेडलेला नाही. तो आपणहून येतो." जवारीतून हळूहळू वर येणारा तो स्वयंभू गांधार मला बहुधा पहिल्यांदाच ऐकू आला. तो ऐकून लगेच माझी तार छेडली, तर ती खरोखरच चढी.

भांडण दिव्याचं आणि आत्याचं होतं, आणि दोघंही बरोबर होते. पडद्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्या हिशेबात ग अर्ध्या स्वराच्या सुमारे १४ शतांश वर जाऊन बसतो. पेटीचीही हीच तक्रार होती. १९४० साली रेडिओनं तिला बाहेर काढलं आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. मुख्य राग मींड निघत नाही याचा, पण हा चढा गांधारही आरोपपत्रात होता.

मी म्हटलं, आत्याच्या मनासारखं करू. खालून दुसरी तार केसभर उतरवली. ट्यूनरचा दिवा गेला. सी वाजवली आणि दोन स्वरांमध्ये जी एक बारीक थरथर होती ती थांबली. कॉर्ड विहिरीच्या पाण्यासारखी निवळली. आत्यानं मान डोलावली. मग मी ए मायनर वाजवली, आणि आम्ही दोघांनीही तोंड वाकडं केलं. तिथे त्याच ग ला ध शी जमवून घ्यायचं होतं, आणि आता तो पडेल झाला होता. एफमधला म त्याच तारेवरचा, तोही पडला. एका मामाला जरीचा फेटा बांधला आणि बाकीचे मामा मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आत्याच्या गाण्यात यजमान एकच, सा. तो जागचा हलत नाही; बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात, म्हणून प्रत्येकाला आपली नेमकी जागा सापडते. कॉर्डच्या घरात दर चार मात्रांनी यजमान बदलतो. मघाचा पाहुणा आता पाटावर, आणि मघाचा पाटावरचा पाणी वाढतोय. अशा घरात सगळ्यांना सारखाच आहेर द्यावा लागतो, कुणाच्याच पुरत्या मनासारखा नसलेला. मी हे आत्याला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं बेसूर व्हायचं," म्हणाली. मी हो म्हटलं. तार पुन्हा चढवली, दिवा हिरवा केला, युकुलेले कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, कपाट उघडलं आणि सवयीनं ट्यूनर लावला. तीन तारा जागच्या जागी. खालून दुसरीचा काटा मध्याच्या डावीकडे, अगदी केसभर. वरच्या कप्प्यापर्यंत हात पोचायला लागतं ते स्टूल कपाटाशेजारीच होतं.

आत्या चहा गाळत होती.