लॉर्डसाहेबांची लिहायची खोड

“काय हो काकू, लेकीकडून आलात आणि दोन दिवस दर्शनच नाही?” कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला.

“अहो, तिकडच्या एका म्हाताऱ्याच्या नादी लागले होते.”

वहिनींच्या हातातला कढीपत्ता हातातच राहिला.

“घाबरू नका, १८५४ सालीच गेलाय तो. लॉर्ड लंडनडेरी, तिसरा मार्क्विस. इंग्लंडातल्या डरहॅमच्या चौकात पुतळा होऊन घोड्यावर बसलाय. कोळशाच्या खाणी, सीअमला स्वतः बांधलेलं बंदर, शिवाय लॉर्डांच्या सभागृहात खुर्ची. आणि खाणी कुणाच्या म्हणाल तर बायकोच्या माहेरच्या! १८१९ साली लग्न केलं आणि तिचं आडनावही लावलं.”

“घरजावईच की!”

“आडनावापुरता तरी. पण माणूस लिहिण्याचा भारी शौकीन. तेव्हा टपालाचे पैसे बहुतेक पत्र घेणाऱ्याच्या डोक्यावर बसायचे. लॉर्ड नि खासदार मात्र पत्राच्या घडीवर बाहेरून सही ठोकायचे, की गेलं फुकट. रोज १० पाठवायची आणि १५ यायची मुभा. १८४० मध्ये एका पेनीचं तिकीट आलं आणि ही चैन संपली. याचा हात तेवढा थांबला नाही.”

“एवढं लिहायचा तरी काय?”

“ऐका तर. १८४२ साली लॉर्ड ॲशलेनं कायदा आणला, की बायका, मुली आणि १० वर्षांखालची मुलं खाणीत उतरवायची नाहीत. पाचसहा वर्षांची पोरं, वहिनी! बोगद्यात हवेसाठी लाकडी दारं असायची. गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की लावायचं. दिवसभर एकटं, बहुतेकदा काळोखात. यानं ॲशलेला लांबलचक पत्र लिहिलं, ते पुस्तिका करून छापलं, आणि सभागृहात खाणमालकांचं म्हणणं मांडलं. काय, तर ही पोरं मजेत असतात, काठ्या तासतात, दारावर खडूनं चित्रं काढतात!”

“काळोखात? चित्रं?”

“मी पण तेच म्हटलं! कायदा झाला ते सोडा. दोन वर्षांनी डरहॅमच्या खाणकामगारांचा मोठा संप झाला. वर्षभर बांधून घेणारा करार, कोळशाच्या वजनात काटामारी, ही त्यांची दुखणी. तर लॉर्डसाहेबांनी सीअमच्या दुकानदारांना लेखी बजावलं, की संपवाल्यांना उधारी द्याल तर आमची गिऱ्हाइकी विसरा.”

“म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याला दमदाटी.”

“वाण्याला दम आणि पोरांच्या पोटावर पाय. घरंही खाणीचीच, त्यातून बिऱ्हाडं बाहेर काढली. आयर्लंडमधल्या आपल्या जमिनीवरून माणसं आणून खाणीत उतरवली. ऑगस्टपर्यंत संप मोडला.”

वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “पण असलं लिहून कशाला ठेवायचं? कारकुनाकरवी तोंडी कळवायचं.”

“मला वाटतं, यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. स्वच्छ मनानं लिहिलंन हो! घराण्याची कागदपत्रं आता डरहॅमच्या दफ्तरखान्यात आहेत. भावाची पत्रंही त्यानं अशीच उघड केली. सावत्र भाऊ कॅसलरे, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, १८२२ मध्ये गळ्यावर चाकू फिरवून गेला. त्याचा पत्रव्यवहार यानं १२ खंडांत छापला.”

“आणि बायको? खाणी तिच्याच ना?”

“ती खरी खमकी! नवरा गेल्यावर धंदा स्वतः चालवला. राजकारणी डिझरायली सीअमला पाहुणा गेला होता. तिथून त्यानं मैत्रिणीला कळवलं, की बाई स्वतःच्या कचेरीत बसते, वर निशाण फडकत असतं आणि ती कारभाऱ्यांशी हिशेब करते. विन्स्टन चर्चिल तिचा पणतू लागतो.”

“चर्चिल! आणि हे आत्ता सांगताय?”

“तुम्ही म्हाताऱ्यातच अडकलात. बरं, त्या घोड्याची गंमत सांगायची राहिलीच. डरहॅमात सगळे सांगतात, की शिल्पकार मोंती घोड्याची जीभ करायला विसरला आणि लाजेनं त्यानं जीव दिला.”

“अगंबाई! खरंच?”

“कुठलं! घोड्याला जीभ आहे. आणि १८६१ चा पुतळा, मोंती गेला १८८१ मध्ये.”