तोंडावर नाही म्हणणारा

आमच्या नगर जिल्ह्यात (2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर) तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही. उसने मागा, ‘बघू की’. लग्नाला बोलवा, ‘येतो ना’. तोंडावर ‘नाही’ म्हणणारा मला एकच भेटला, एका पतसंस्थेचा नवा डेटाबेस सर्व्हर. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, विषय संपला.

काउंटरवरच्या ताई हवालदिल, पिग्मी एजंट काखेत बॅग धरून ताटकळलेले. मी मात्र खूश. नकार आला म्हणजे बहुतेक वेळा पलीकडचं मशीन जिवंत आहे, वायर शाबूत आहे. फक्त मायएसक्यूएलच्या 3306 नंबरच्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. खरी भीती ‘टाइमआउट’ची. त्यात फायरवॉल निरोप गिळून गप्प बसलीय की मशीनच बंद पडलंय, काही कळत नाही. ‘बघू की’ची संगणकी आवृत्तीच ती.

“पण माझ्या केबिनमध्ये तर चालतंय!” मॅनेजरसाहेब म्हणाले. चालणारच, सर्व्हर त्यांच्याच टेबलाखाली होता. त्यामुळे सगळे खातेदार पासबुकं घेऊन केबिनमध्ये घुसले होते आणि साहेब आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एंट्र्या मारत होते.

त्यांना जरा सरकवून नेटस्टॅट मारलं. समोर 127.0.0.1:3306. म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलत होता. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवलं की सुरुवातीला असंच असतं. बाइंड-अ‍ॅड्रेसच्या ओळीत लॅनमधला पत्ता टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, काउंटर सुरू.

साहेबांना चेव आला. “एवढंच होतं तर इंटरनेटवरूनही उघडं ठेवा की! शनिशिंगणापुरात घरांना दारं असतात का?”

“साहेब, तिथं शनिदेव राखण करतात. इंटरनेटवरच्या चोरांना साडेसाती माहीत नाही. आणि 2011 साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, तिलाही काचेचं दार होतं अन् सहज दिसणार नाही असं रिमोटचं विद्युतचुंबकीय कुलूप.”

साहेब क्षणभर विचारात पडले. “मग आपणही तसलंच न दिसणारं कुलूप लावू.”

“लावतो. त्यालाच फायरवॉल म्हणतात.”

“दिसणार नाही ना पण?”

“अजिबात नाही.”

“मग त्याचे पैसे कशाचे लावताय?”