गार्डाचा डबा आणि सम

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाच्या मागे बाजार लागला, एकाच्या मागे रेल्वे. आम्ही रेल्वेवाले. संगीत दोघांच्याही नावात नाही. म्हणून नातवंडांना शास्त्रीय गाण्याची गोडी लावायचं काम रिटायर झाल्यावर मीच अंगावर घेतलं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. माझी स्वतःची मजल प्रवेशिकेपर्यंत. त्यानंतर पेटीच्या भात्यात आणि माझ्यात दम उरला नाही.

सुरुवात घरच्या माणसापासून करावी म्हणून वसंतराव देशपांडे लावले. ‘हे आपले वऱ्हाडातले,’ मी प्रस्तावना केली. ‘1920 साली मुर्तिजापूरला जन्मले. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गायले, आणि 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब झाले.’ पोरांनी दोन मिनिटं ऐकलं.

“आबाजी, हे मुर्तिजापूरचे हायेत ना?” धाकटी म्हणाली. “मंग हिंदीत काहून गाऊन रायले?”

ब्रजभाषा समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक लांबलचक तान आली. थोरल्यानं विचारलं, “हे श्वास कव्हा घेतेत?” हा प्रश्न मला चाळीस वर्षांपासून पडलेला आहे. मी मोबाईल बंद केला.

भीमसेन जोशींची गोष्ट सांगून पाहिली. अकरा वर्षांचा पोरगा गुरूच्या शोधात घर सोडतो, बिनतिकीट आगगाडीनं उत्तरेकडे जातो. गोष्ट रंगली. पण ती रेल्वेच्या गावात सांगू नये. दुसऱ्या दिवशी थोरला आईला विचारत होता, गाणं शिकलं की तिकीट माफ असते काय?

मग रागांकडे वळलो. मे महिना, बाहेर पाखरू नाही, कूलरची घरघर चाललेली. तिचाच षड्ज धरला आणि भूप घेतला. यात म आणि नि वर्ज्य, असं सांगितलं.

“वर्ज्य म्हंजे?”

“त्यांना बोलावत नाहीत.”

“लग्नाचं आवतन नाई देलं?” थोरल्याला पटलं. आमच्या भाऊबंदकीत असे बरेच वर्ज्य आहेत. पुढचा राग दुर्गा. यात म आला, ग गेला, नि पुन्हा गाळलेला. धाकटी उठून उभीच राहिली. “नि ले तं कोनीच बोलावून नाई रायलं!” डोळ्यांत पाणी. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “कायले रडवून रायले पोरीले?” पोरगी निषादासाठी रडते आहे, हे कोणत्या तोंडानं सांगू?

नाइलाजानं वृंदावनी सारंग काढला. दुपारचा राग, वेळही साधली. यात ग आणि ध बाहेर, पण नि दोन: चढताना शुद्ध, उतरताना कोमल. धाकटीनं डोळे पुसले. “जोडीनं आला!” म्हणाली, आणि दिवसभर घरात नि आणि त्याची बायको फिरत राहिली. ग आणि ध यांचा रुसवा तिनं अजून काढलेला नाही.

शेजारी विचारत, परीक्षेला बसवणार का? शास्त्रीय कलेच्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते काही टक्केवारीसाठी नव्हे, पण भर उन्हात कोणाशी वाद घाला?

तालाचा प्रश्न स्टेशनवर सुटला. संध्याकाळी आम्ही तिघं हवा खायला प्लॅटफॉर्मवर बसतो. मैफिलीचं तिकीट 10 रुपये. त्या दिवशी बडनेऱ्याकडे जाणारी कोळशाची मालगाडी आली, छान मध्यलयीत. मला सुचलं. एक वाघीण म्हणजे एक मात्रा. तीनताल 16 मात्रांचा. पहिलीवर, पाचवीवर, तेरावीवर टाळी, नववीला हात उलटा, ती खाली. सोळा झाल्या की पुन्हा पहिली, तीच सम. पोरं टाळ्या देऊ लागली. बाकावरच्या एका मावशींनी पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर गेल्या. तीन आवर्तनं बिनचूक झाली, 48 वाघिणी. चौथं सुरू झालं, आणि अठ्ठावनावी वाघीण गेल्यावर, ऐन अकराव्या मात्रेवर, गार्डाचा डबा!

“गार्ड बेताल हाये!” थोरला ओरडला. गार्डानं बिचाऱ्यानं हात हलवला, धाकटीनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. 2022 पासून रेल्वे त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणते. हुद्दा वाढला, समेचं मात्र राहून गेलं.

त्यानंतर रोज गाड्या मोजणं सुरू झालं. न थांबणारी एक्स्प्रेस आली की द्रुत, सिग्नलला अडकलेली मालगाडी म्हणजे विलंबित. मी राग, थाट, घराणी सगळं सोडून दिलं. एका रात्री जेवताना माझ्यापुरते वसंतराव हळूच लावले होते. द्रुत तीनताल. पोरं वरणभातात. वसंतराव कुठून कुठून फिरून मुखड्यावर आले, तबल्याचा धा पडला, आणि थोरला तोंडात घास असताना ओरडला, “आला गार्ड!”

अगदी समेवर.

तेव्हा मध्य रेल्वेच्या साहेबांना चांदूरकरांतर्फे एक अर्ज. थांबे वाढवा म्हणून आम्ही नेहमीच मागतो, ते जमेल तेव्हा करा. पण त्या कोळशाच्या गाडीला तेवढ्या सहा वाघिणी वाढवा. गार्ड पासष्टाव्यावर येईल.