उतारी कोणाची?

पत्त्यांच्या बैठकीत खेळण्यापेक्षा न्यायदानात ज्यास अधिक रस, असा एक गृहस्थ प्रत्येक गावाच्या वाट्यास आलेला असतोच. तेव्हा आमच्या नाझरसाहेबांची ओळख करून देण्यात मी वाचकांचा वेळ दवडीत नाही. गेल्या रविवारी अमरावतीस, राजापेठेतल्या नेहमीच्या ओट्यावर, मी घाईने बदामाची राणी टाकली आणि तिचा सतरंजीस स्पर्श होण्यापूर्वीच "उतारी कोणाची?" हा प्रश्न माझ्या कानावर आदळला, एवढेच या लेखनाचे निमित्त.

नाझरसाहेबांची नोकरी अकोल्यास आणि बिऱ्हाड अमरावतीस, त्यामुळे त्यांच्या हयातीचा मोठा भाग अप-डाऊन करण्यात गेला. आणि चौघांच्या गुडघ्यांवर ताणून धरलेल्या पंचावर, दश्श्या पकडण्याच्या मेंढीकोटासारख्या निरुपद्रवी खेळात, त्यांनी आपले न्यायासन स्थापन केले. डावावर पैसा कधी नसे. हरणाऱ्याने चहा पाजावा, इतकाच करार. तरीही कोणी रेल्वे पोलीस नुसता डोकावला की 1967 सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात रमीस मुख्यतः कौशल्याचा आणि तीन पानी फ्लशास निव्वळ नशिबाचा खेळ कसे ठरविले, याचे निरूपण त्या बिचाऱ्यास उभ्याउभ्या ऐकावे लागे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, एवढ्या आधारावर नाझरसाहेब ते निकालपत्र घरचेच समजत.

एकदा मूर्तिजापूर सुटता सुटता आमच्यातल्या एका मास्तरांनी पाळी नसताना इस्पिकचा एक्का उतरला. झाले! कोण्या साहेबाच्या क्लबात ब्रिजचे नियम नाझरसाहेबांच्या कानावरून गेले होते, ते त्यांनी मेंढीकोटास लागू केले. चुकीच्या प्रतिस्पर्ध्याने पहिले पान उघडे टाकले असता बोली जिंकणाऱ्यास पाच मार्ग मोकळे असतात: त्याने ते पान मान्य करून आपलेच पत्ते मांडावेत व स्वतः डमी व्हावे, किंवा मान्य करून खेळ आपल्या हाती ठेवावा, किंवा अपराध्याच्या जोडीदारास तोच रंग उतरण्याची सक्ती करावी, किंवा त्या रंगाची मनाई करावी, किंवा ते पान दंडादाखल तसेच उघडे पडू देऊन जोडीदारास वाटेल ते उतरू द्यावे. मेंढीकोटात बोलीही नाही आणि डमीही नाही, ही हरकत दाखल करून घेण्यास न्यायासन तयार नव्हते. चौथ्या मार्गावर उलटतपासणी चालू असता गाडीचा वेग मंदावला, तेव्हा मास्तर पिशवी उचलीत म्हणाले, "नाझरसाहेब, बडनेरा आलं. आता उतारी आपल्या सगळ्याईचीच हाय, उतरा!"

या प्रश्नाने त्यांची पाठ पंचापुरती धरली असती तरी आम्ही सोसले असते. पंगतीत वाढप्याने जिलेबी उलट्या टोकाकडून आणली, उतारी कोणाची? दवाखान्यात नंतर आलेला आधी आत गेला, उतारी कोणाची? अंतरपाट दूर होताच एका उतावीळ नवरदेवाने वधूच्या आधीच हार घातला, तेव्हा मंगलाष्टकांनंतरच्या त्या क्षणभराच्या शांततेत मांडवाच्या शेवटल्या रांगेतून तोच प्रश्न खणखणला आणि वरपक्षाची मंडळी दिवसभर आमच्याशी बोलली नाहीत.

मागल्या दिवाळीत एकाचा पुतण्या गोव्याहून, पणजीच्या मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर पाहून आला. तेथेही पाळी मोडणारे असतात, हे ऐकून नाझरसाहेब सावरून बसले. पुतण्या म्हणाला, पाळीआधी बोललेला शब्द तूर्त बाजूला ठेवतात आणि ज्यांची पाळी हुकली त्यांना आधी विचारतात. त्यांच्यापैकी कोणी रक्कम वाढविली तर उतावळा मोकळा. पण सगळे नुसते पुढे सरकले, तर त्याचा शब्द कायम.

"म्हणजे मधले गप्प राहिले, तर पाळीबाहेरचंही कायम होते?" नाझरसाहेबांनी हे तीनदा विचारले, आणि त्या दिवशी पुढचे दोन डाव त्यांनी कोणासही हटकले नाही.

त्या मौनाचा अर्थ मला मास्तरांकडून पुढे कळला. शिरस्तेदारीची जागा रिकामी झाली तेव्हा ज्येष्ठता यादीत नाझरसाहेबांचे नाव पहिले होते. हुकूम निघाला तो चौथ्याच्या नावाने. मधल्या दोघांनी चकार शब्द काढला नाही. नाझरसाहेबांनी मात्र अर्ज केला, स्मरणपत्रे पाठविली, त्यांच्या नकला सुतळीने बांधून ठेवल्या, आणि उत्तराची वाट पाहता पाहता ते नाझर म्हणूनच सेवानिवृत्त झाले. उघडे पडलेले पान पाळी येईपर्यंत तसेच उताणे राहते. या पानाची पाळी काही आली नाही. हे कळल्यापासून त्यांच्यावर मनमुराद चिडण्याचे माझे सुख हिरावले गेले, ही मास्तरांविषयी माझी तक्रार आहे.

ते चौथ्या क्रमांकाचे शिरस्तेदार अलीकडे आमच्या ओट्यावर येतात. नातू त्यांना हात धरून आणून बसवितो. हुकूम कोणता हे त्यांच्या ध्यानात राहत नाही, आणि कधीकधी आम्ही कोण हेही राहत नाही.

त्या रविवारी माझ्या बदामाच्या राणीची यथासांग चौकशी होऊन ती माझ्या हातात परत आली, आणि पुढच्याच हातास शिरस्तेदारांनी, थरथरत्या बोटांनी, कोणी न विचारता, किलवरचा गुलाम उतरला. मी संधी सोडणार थोडाच! शक्य तितक्या नाझरी आवाजात मी गरजलो, "उतारी कोणाची?"

नाझरसाहेबांनी आपले पत्ते मिटून सारखे केले, पुन्हा पंख्यासारखे उघडले आणि त्यांतून नजर वर न काढता म्हणाले, "त्याईचीच होती. टाका जी तुम्ही पान."

मागला हात नाझरसाहेबांनी जिंकलेला होता. ती चार पाने त्यांच्या मांडीजवळ अजून पालथी पडलेली होती.